बाईंचं पाणी

बाईंबरोबर लग्नाला जायचं म्हटलं की आम्ही विद्यार्थी एकमेकांना पुढं ढकलायचो. जेवण होईपर्यंत सगळं ठीक असे. काठापदराची साडी, कानात मोत्याच्या कुड्या, नवरीच्या आईशी दोन गोड शब्द. मग हात धुवायला म्हणून बाई मंडपामागे जायच्या. मंडपामागे आचाऱ्यांच्या भांड्यांचं खरकटं पाणी वाहत असे आणि बाईंच्या पर्समध्ये घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या असत. साडीचा काठ एका हातानं वर धरून, गटाराच्या कडेला उकिडव्या बसून बाई बाटली भरून घ्यायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि समाधानानं "वा!" म्हणायच्या. एकदा नवरदेवाच्या मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ह्या पावण्या कुठल्या म्हनायच्या? डोस्क्यानं बऱ्या हायेत न्हवं?"

डोक्यानं बाई आम्हा सगळ्यांपेक्षा शाबूत होत्या. मंगळवार पेठेत वाढल्या, शिकून परदेशी गेल्या, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आणि एक दिवस सगळं आवरून कोल्हापूरला परत आल्या. आमच्या विभागात जैवतंत्रज्ञान शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात गटारं धुंडाळायच्या. कारण विचारलं तर सरळ सांगत. रोगजंतू मारणारी औषधं आपण इतकी बेफिकिरीनं वापरली की आता कित्येक जंतू त्यांना भीक घालत नाहीत. त्यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटा शोधतायत. बाईंची वाट फेजची. फेज म्हणजे जंतूंना खाणारा विषाणू. प्रत्येक फेजचा जंतू ठरलेला असतो, तो सोडून दुसऱ्या कशालाही तो तोंड लावत नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. आणि जिथं जंतू माजलेले असतात तिथंच त्यांना खाणाराही सापडतो. म्हणून ती मंडपाची मागची बाजू.

"तिकडं माझे मित्र विषाणूंची जनुकं कातरून हवा तसा फेज शिवून घेतात," बाई म्हणायच्या. "शिवू देत. चांगलं काम आहे. पण आधी तयार कपड्यांच्या दुकानात आपल्या मापाचं मिळतंय का बघायला काय हरकत आहे? आणि आपलं दुकान जयंती नाल्यावर बारा महिने उघडं आहे."

बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. जंतूंची लांबलचक नावं घडाघडा म्हणायच्या, विद्यार्थ्यांना मात्र गावाच्या नावानं हाक. मी रोज हातकणंगल्याहून यायची म्हणून मी "हातकणंगले". माझ्याबरोबर पीएचडी करणारा मुलगा "उचगाव". आमच्या आधी एक "पन्हाळा" होऊन गेली होती. ती लग्न होऊन सांगलीला गेली तरी बाईंच्या लेखी पन्हाळाच राहिली. भर उन्हाळ्यात तिला फोन करून "काय गं पन्हाळा, गार आहे का तुझ्याकडं?" असं विचारायच्या, आणि ती बिचारी सांगलीच्या उकाड्यात घाम पुसत "आहे बाई" म्हणायची.

आणि त्यांचा तो एक शब्द. "कशावरून?" आम्ही काहीही बोललो की बाई मान वर न करता हा शब्द टाकायच्या. उचगाव एकदा सहज म्हणाला, अमक्या ठिकाणची मिसळ कोल्हापुरात सगळ्यात चांगली. "कशावरून? बाकीच्या किती खाल्ल्यास?" उचगाव हा मुळात खाण्याच्या बाबतीत प्रामाणिक माणूस. त्यानं पुढचा महिना संशोधन बाजूला ठेवून शहरातल्या मिसळी पालथ्या घातल्या आणि पोट धरून रजेवर गेला. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. परत आल्यावर एवढंच विचारलं की सगळ्या मिसळी सारखीच भूक असताना खाल्ल्या होत्यास का.

माझ्याबद्दल त्यांची तक्रार निराळी होती. "तुझा चेहरा बोलतो," म्हणायच्या. काचेच्या बशीत जंतूंचा दुधट थर वाढवायचा आणि त्यावर गटाराचं गाळलेलं पाणी सोडायचं. त्यात आपला फेज असला तर दुसऱ्या दिवशी त्या थरात स्वच्छ गोल भोकं पडलेली दिसतात. अशी बशी हाती आली की मी चेहरा अगदी कोरा करून बाईंच्या खोलीत जायची. दारातच त्या म्हणायच्या, "भोकं पडली वाटतं." नाही पडली तरी त्यांना दारातच कळायचं. "पत्ते खेळायला बसू नकोस हं कुणाशी," एवढं बोलून मग त्या बशीकडे वळत.

संध्याकाळी मात्र बाई प्रयोगशाळेत नसत. आमच्याकडं शहरात काही चौकांत अजून म्हशींचे कट्टे भरतात. दिवस मावळायला म्हशी रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या असतात, गिऱ्हाईक पेला धरून थांबतं आणि गवळी समोर धार काढून फेसाळ, कोमट दूध हातात देतो. बाईंचा स्वतःचा स्टीलचा पेला होता. जंतूंवर आयुष्य काढलेली बाई उभ्यानं कच्चं दूध पिते याचा मला धक्का बसला होता. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "या म्हशीचं दूध मी गेल्याच आठवड्यात तपासलंय. तू काल रंकाळ्यावर भेळ खाल्लीस, ती कुणी तपासली होती?"

तिथले आण्णा म्हणजे कट्ट्याचे न बोलता ठरलेले पुढारी. सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की म्हशी शेपटी हलवायच्या थांबत. दगडी झाली की म्हशीचं काय होतं ते बाईंना पहिल्यांदा आण्णांनीच दाखवलं. दगडी म्हणजे कासेचा रोग. कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दूध फाटतं, आणि वेळेत बरं झालं नाही तर सुजलेलं सड, म्हणजे आचळ, कायमचं आटतं. पूर्वी दोन इंजेक्शनं दिली की म्हैस बरी व्हायची. अलीकडे कितीही टोचलं तरी रोग हटत नव्हता. आण्णांची एक देखणी म्हैस त्याच वर्षी अशी निकामी झाली होती. त्या संध्याकाळी बाईंनी दूध घेतलं नाही. फाटलेल्या दुधाची बाटली घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "माझं उरलेलं काम काय ते मला सापडलं."

दगडीच्या जंतूला खाणारा फेज शोधायला फार दिवस लागले. तो कुठल्या परदेशी नदीत नाही, त्याच कट्ट्यामागच्या, गोठे धुतलेल्या पाण्याच्या चरात सापडला. त्याचं औषध तयार झालं, म्हणजे दिसायला नुसतं पाणीच. धार काढून झाली की बारीक नळीनं ते सडात सोडायचं. गवळी त्याला "बाईंचं पाणी" म्हणायला लागले. आण्णांनी नीट चौकशी केली.

"बाई, तुमचा हा किडा जंतू खातोय म्हंतासा. समदे जंतू खाऊन संपल्यावर मग काय खानार? माझी म्हस?"

"उपाशी मरणार, आण्णा. दुसरं त्याला काही पचत नाही."

"मरतोय व्हय? मग द्या की."

परवानग्या आल्या, जनावरांचे डॉक्टर बरोबर आले, चाचणी सुरू झाली. चाचणीचा नियम जगात सगळीकडं एकच. निम्म्या म्हशींना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच निर्जंतुक केलेलं साधं मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय आहे ते गवळ्याला कळता कामा नये आणि बाईंनाही कळता कामा नये, म्हणजे कुणाचं मन कुठं झुकत नाही. बाईंनी हे कट्ट्यावर उभं राहून, हातवारे करून समजावलं. सगळ्यांनी "व्हय व्हय" म्हणून माना हलवल्या आणि आपापल्या म्हशीच्या बाटल्या नेल्या.

चाचणी संपता संपता आमचा आनंद गगनात मावेना. म्हशी बऱ्या होत होत्या. मग कुठल्या बाटलीत काय होतं ते उघडलं, आणि आकडे बघून आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो. साधं पाणी दिलेल्या म्हशीही तितक्याच बऱ्या झाल्या होत्या. त्याहून विचित्र म्हणजे त्यांच्याही दुधात आमचा फेज होता. न दिलेलं औषध त्यांच्या सडात पोचलं कसं? बाईंनी खापर प्रयोगशाळेवर फोडलं. मी आणि उचगावनं फरशीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं घासून काढलं, पुन्हा नमुने तपासले, फेज जागेवरच. शेवटी बाई आम्हाला घेऊन कट्ट्यावर गेल्या आणि त्यांनी आण्णांना विचारलं, पाणी सांगितल्यासारखंच दिलं ना?

आण्णा तर या प्रश्नाची वाटच बघत होते. "त्याची काय काळजी करू नगा बाई. आमी कुनावर अन्याय हून दिला न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी पयल्याच दिवशी समद्यांनी आपापल्या बाटल्या आणल्या. एका किटलीत वतल्या, ढवाळल्या, आन् मापानं सारख्या वाटून घेतल्या. निम्म्यास्नी औषध आन् निम्म्यास्नी नुस्तं पानी, हे कसं चालंल? ज्याच्या वाट्याला पानी आलं त्याच्या म्हशीनं काय घोडं मारलंय?"

बाई शेजारच्या दगडावर खाली बसल्या. मला वाटलं, आता कोल्हापूरची सगळी ठेवणीतली भाषा बाहेर पडणार. उचगाव तर दोन पावलं मागं सरकला होता. बाईंनी ओळीनं उभ्या म्हशींकडं बघितलं आणि विचारलं, "किटली स्वच्छ होती का, आण्णा?"

"कडकडीत पान्यानं धुतलीती की!"

मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आण्णांना काहीच उमगेना, पण बाई खूश आहेत असं समजून त्यांनी पेला भरून पुढं केला आणि बाईंनी तो संपवला.

हसणं त्या दिवसापुरतंच होतं. विभागात कुणीतरी सुचवलं की औषध तर सगळ्यांना लागू पडलंय, किटलीचं प्रकरण लिहायलाच हवं असं कुठाय? मलाही ते तेव्हा पटलं होतं, कारण माझी पदवी त्याच चाचणीवर उभी होती. मी बाईंशी वाद घातला. म्हशी बऱ्या झाल्या हे सगळ्या कट्ट्यानं डोळ्यांनी पाहिलंय, आणखी काय पाहिजे?

"औषधानं बऱ्या झाल्या कशावरून? आपण त्यांना रोज सड धुवायला शिकवलं, त्यानं झाल्या असतील. हवा बदलली, त्यानं झाल्या असतील. उद्या कुणीतरी माझ्या शब्दावर विसंबून हे पाणी आपल्या म्हशीला देईल. त्याला मी काय सांगू, बहुतेक असंच असावं?"

अनुदान देणाऱ्यांना बाईंनी खरं ते लिहून टाकलं. प्रकल्प बंद झाला. माझा प्रबंध त्यांनी फेज शोधण्याच्या कामावर बेतून घेतला, त्यासाठी माझ्याबरोबर रात्र रात्र बसून काम केलं, आणि त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात लोक खूप चांगलं बोलले. बाईंचं लक्ष नव्हतं. हार गळ्यात तसाच ठेवून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घरी सोडायला गेले तेव्हा दारात मला म्हणाल्या, "सगळं झालं गं. तेवढं एक कळायचं राहिलं." इतक्या वर्षांत बाईंना खचलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

आमच्या बोलण्यात मात्र किटली कायमची रुजली. कुणाच्या हातून नमुने एकमेकांत मिसळले, प्रयोग फसला की उचगाव म्हणायचा, "किटली झाली." आम्ही दोघं त्याच विभागात शिकवायला लागलो, तेव्हा हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्याही तोंडी बसला.

बाई आता रोज संध्याकाळी कट्ट्यावरच असायच्या. अशाच एका संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. मागं रस्त्याचा गलका आणि आण्णांचा आवाज.

"हातकणंगले, म्हशीला सड किती असतात?"

"चार, बाई."

"मग आपण इतकी वर्षं मूर्खच होतो. निघून ये."

गेले तर बाई आण्णांच्या म्हशीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. झालं होतं असं, की आण्णांनी नेहमीसारखी धार काढली आणि एक सड रेडकासाठी तसंच सोडलं. हे बाईंनी शेकडो वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी पेला तोंडाशी असताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चारही सडं आतून वेगवेगळी असतात, एकाचं दूध दुसऱ्यात जात नाही. मग एका म्हशीला औषध आणि दुसरीला पाणी हवंय कशाला? दोन्ही बाजूंना दगडी झालेली म्हैस घ्यायची, एका बाजूच्या सडांना औषध, दुसऱ्या बाजूच्या सडांना साधं पाणी. वाटून घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी परत्येक म्हशीला औषध मिळनार. ह्यात न्याय हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पर बाई, त्या दुसऱ्या बाजूच्या सडानं काय घोडं मारलंय?"

"दोन महिने थांबायचं, आण्णा. लागू पडलं तर सगळ्या सडांना देऊ. मी शब्द देते. पण या वेळी किटली नको."

"किटली मी घरातनंच बाहीर काढत न्हाय बगा."

या वेळी अर्ज माझ्या नावानं गेला, परवानग्या नव्यानं आल्या. एका बाजूचा हात दुसऱ्या बाजूला लागला तर घोटाळा, म्हणून मध्ये हात लाल औषधाच्या पाण्यात बुडवायचा नियम झाला आणि तो मोडणाऱ्याला आण्णा भर चौकात शिव्या घालत. बाटल्या मी भरायच्या, डावी आणि उजवी असं लिहून. कुठल्या बाजूला खरं औषध ते फक्त मला माहीत. कुठली बाजू बरी होतेय ते बाई आणि आण्णा बघणार. माझ्याकडं अर्धं, त्यांच्याकडं अर्धं. दोन महिन्यांनी दोन्ही जोडायचं, तोवर कुणालाच काही कळायचं नाही.

"आणि तोवर तू मला भेटायचं नाहीस," बाई म्हणाल्या.

मला आधी गंमत वाटली.

"तुझा चेहरा बोलतो. मी म्हणेन डावी बाजू बरी दिसतेय, आणि तुझ्या भुवया मला सगळं सांगून टाकतील. फोनही नको. आवाजही बोलतो तुझा."

बाईंनी हा नियम पाळला तो बाईंच्याच पद्धतीनं. बाटल्या मी विभागात ठेवायची आणि उचगाव त्या कट्ट्यावर पोचवायचा. एकदा महाद्वार रोडला बाई समोरून येताना दिसल्या. मला पाहिलं मात्र, चटकन बांगड्यांच्या दुकानाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि मी पुढं निघून जाईपर्यंत हलल्या नाहीत. नंतर कळलं की दुकानदारानं भीड घालून त्यांना हिरव्या बांगड्या भरल्या. मधेच उचगावचं लग्न झालं. बाई आल्या, पण पंगतीत भिंतीकडं तोंड करून जेवल्या. नवरीच्या माणसांना वाटलं, काहीतरी मानापमान झालाय. उचगाव नव्या नवरीला सोडून सगळ्यांना समजावत फिरत होता. मंडपामागून बाई बाटली भरून परतल्या तेव्हाच मला हायसं वाटलं, म्हणजे सगळं ठीक होतं.

शेवटचा आठवडा राहिला होता आणि उचगाव धावत माझ्या खोलीत आला. बाई कट्ट्यावरच घेरी येऊन पडल्या होत्या. आण्णांनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. हृदयाची झडप निकामी होत आली होती. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लगेच करायचं, आणि वय बघता आम्ही खात्री देत नाही.

बाहेरच्या बाकावर आण्णा टोपी हातात धरून बसले होते. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "पोरी, तुजं अर्धं तुज्याकडं हाय, बाईंचं आमच्याकडं हाय. आत्ताच जोडूया की. आठवड्यानं काय फरक पडतोय? म्हातारीला कळू दे की, मग जाऊ दे आत."

उचगावही माझ्याकडंच बघत होता. मी तरी काय वेगळा विचार करत होते? बाईंना एवढं एकच कळायचं राहिलं होतं, आणि ते न कळता त्या गेल्या असत्या तर मी स्वतःला काय सांगणार होते? कुठल्या बाजूला काय ते लिहिलेला कागद माझ्या पिशवीतच होता. मी उठून आत गेले.

नर्सनं मला दारात अडवलं. "तुम्ही हातकणंगले का? तुम्ही आलात तर पडदा ओढायला सांगितलंय." आणि तिनं खरोखर पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढला. मी पडद्याच्या अलीकडं स्टुलावर बसले.

"बोलू नकोस," आतून बाईंचा आवाज आला. थकलेला होता, पण बाईंचाच. "तू कशाला आलीयस ते मला ठाऊक आहे. आण्णांनी सांगितलं असणार."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"एक आठवडा आहे अजून. मधल्या दिवसांत उलटं होऊ शकतं. बरी झालेली बाजू पुन्हा सुजते, असं मी पाहिलंय. आज उघडलंस तर ती किटलीच झाली की गं. तीच चूक, फक्त या वेळी आपण शहाण्यांनी केलेली." त्यांना दम लागला. जरा वेळानं म्हणाल्या, "माझं चुकलं असलं तर तेही मला कळायला हवंय. पण अर्धवट कळून आत जायचं, त्यापेक्षा न कळता गेलेलं बरं. तुझ्याकडं आहे ना सगळं? मग झालं. मी नसले तर तू जोड. पण वेळ झाल्यावर."

पडद्याच्या अलीकडं मी तोंडात ओढणी धरून रडत होते, आवाज होऊ नये म्हणून. बाईंना तो ऐकू गेला असणार. त्यांनी पडद्याखालून हात बाहेर काढला, हिरव्या बांगड्यांचा. मी तो धरला. तेवढं त्यांच्या नियमात बसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं, काहीही न कळता.

बाई त्यातून उठल्या. डॉक्टरांनाही जरा नवल वाटलं. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर कट्ट्यावर कालच्या धारा कुणी तपासल्या. आण्णांनी आणि उचगावनं तपासल्या होत्या. एकही दिवस चुकवला नव्हता. मी मात्र दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत जायची, आण्णांच्या घरून आलेला जेवणाचा डबा नर्सच्या हातात द्यायची आणि परत यायची.

आठवडा संपला त्या सकाळी आम्ही तिघं विभागातल्या मोठ्या टेबलाशी बसलो. आण्णा धुवट धोतर नेसून आले होते. एकेक म्हैस घेऊन आम्ही अर्ध्याला अर्धं जोडत गेलो. काही म्हशींच्या दोन्ही बाजू तशाच सुजलेल्या राहिल्या होत्या. दोनचार म्हशींच्या साध्या पाण्याच्या बाजूही आपोआप बऱ्या झालेल्या. आण्णा बोट ठेवून ठेवून बघत होते. शेवटची म्हैस झाली, उचगावनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. आण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "जा. तूच जा."

स्कूटरवरून दवाखान्यापर्यंत मी चेहरा कोरा ठेवायचा सराव करत गेले. ओठ घट्ट मिटून, भुवया सरळ ठेवून. बाईंना आकडे दाखवायचे आणि आकड्यांनाच बोलू द्यायचं, असं ठरवलं होतं. पडदा ओढलेलाच होता. नर्सनं आत जाऊन सांगितलं.

"वेळ झाली का?" आतून आवाज आला.

"झाली, बाई."

"मग उघड."

मी पडदा बाजूला केला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांनी उशाचा चष्मा चाचपून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मी भुवयासुद्धा हलू दिल्या नाहीत.

"हं," बाई म्हणाल्या. "भोकं पडली वाटतं. बरं. आता आकडे दाखव."

कागद काढायला मी पिशवीत वाकले. वर पाहिलं तर बाई चष्मा काढून पदरानं पुसत होत्या.